बाराव्या प्रकरणातला बाप

९ एप्रिल १९७९, सोमवार. हिंगणी

नागपूरहून भैयाजींचं कार्ड आलं. चार वर्षांपूर्वी त्यांच्या दिवाळी अंकात माझी एक गोष्ट छापून आली होती, त्यानंतर मी त्यांना सात पत्रं पाठवली आणि या गृहस्थांनी एकालाही उत्तर दिलं नाही. पण यंदा बालवर्ष जाहीर झालं आणि समस्त प्रकाशकांना एकाएकी मुलांचा पुळका आला. लिहितात, "पंधरा प्रकरणांची बालकादंबरी हवी. मुलगा आणि त्याचा कुत्रा हा विषय घ्या, तो कधी पडत नाही. मेअखेर मजकूर मिळाला तर बालदिनाला पुस्तक काढतो. फक्त मुद्रणप्रत दुसऱ्या कोणाकडून करून घ्या. तुमचं अक्षर लावताना मागच्या वेळी माझा कंपोझिटर रडकुंडीला आला होता."

अक्षराची सोय घरातच आहे. कोकिळाला अकरावं चालू आहे आणि तिचं अक्षर माझ्या शाळेतल्या कुठल्याही शिक्षकाला लाजवील असं आहे. मी कच्चं लिहायचं, तिने पक्कं उतरवायचं. आठवडाभरात तिची परीक्षा संपेल, मग पोरीला काम काय?

पात्रं ठरवून टाकली. अजय, वय दहा, वडील इंजिनिअर, बंगला, पुढे बाग. कुत्र्याचं नाव वीर, जातिवंत अल्सेशियन. प्रमिला चुलीपाशी बसून ऐकत होती. म्हणाली, "आपल्या घरी हाय ना कुत्रं. त्याच्यावरच लिवा."

बोंड्यावर कादंबरी! गेल्या दिवाळीत कोकिळाने वेचणीच्या वेळी हे पिल्लू कापसाच्या ढिगातून उचलून आणलं. पांढरं, म्हणून नाव बोंड्या. एक कान उभा, एक पडलेला, दिवसभर पोरीच्या मागे. असल्या गावठी कुत्र्यावर पुस्तक लिहिलं तर नागपूरकर हसतील. बायकोला साहित्यातलं काय कळणार, म्हणून मी वाद घातला नाही.

२२ एप्रिल, रविवार

पाच प्रकरणं झाली. कोकिळा ओसरीवर पोथी वाचल्यासारखी मांडी घालून उतरवत बसते आणि बोंड्या तिच्या मांडीला टेकून. एक पान झालं की ती त्याला वाचून दाखवते. माझा पहिला वाचक कुत्रा, हे प्राक्तन.

आज विचारत होती, "बाबा, वीर कवाच घान करत नाई काय?"

म्हटलं, तो आदर्श कुत्रा आहे.

"अन् अजयचे बाबा कवाच रागवत नाई?"

म्हटलं, ते समंजस आहेत, सुशिक्षित आहेत. ती टाक दौतीत बुडवून पुढे लिहायला लागली.

३ मे, गुरुवार

अकरा प्रकरणं तयार, पण बारावं अडलं आहे. कथानकाला आता जोरदार प्रसंग हवा. गेले चार दिवस मी कागदापुढे नुसता घाम पुसतो आहे. दुपारी पत्र्याखाली बसवत नाही. भैयाजी आठवण करून देणारं दुसरं कार्ड पाठवतात, जणू मी इथे पंख्याखाली लोळतो आहे.

७ मे, सोमवार

आज बोंड्या मला चावला. डाव्या मनगटाला. उजवा हात वाचला हे कादंबरीचं नशीब.

सगळं नीट लिहून ठेवतो, म्हणजे पुढे कोणी भलतंच सांगायला नको. अकराव्या प्रकरणाची पक्की प्रत तपासत होतो. मी लिहिलं होतं, "वीर संगमरवरी पायरीवर ऐटीत बसला." कोकिळाने उतरवलं होतं, "वीर गार जागा पाहून बसला." विचारलं, हे कोणी सांगितलं? म्हणते, "उन्हातल्या पायरीवर कुत्रं बसतच नाई, बाबा. पोट भाजते." मी समजावलं की लेखकाचा शब्द बदलायचा नसतो. उलट उत्तर आलं. मग मी पट्टीने दोन दिल्या. तीन-चार असतील. ती निसटायला बघत होती म्हणून वेणी धरली होती. एवढंच. असं घरोघर होतं आणि माझ्या वर्गात तर रोज होतं.

तेवढ्यात बाजेखालून हे जनावर आलं. गुरगुरणं नाही, भुंकणं नाही, सरळ मनगट धरलं. वेणी सोडेपर्यंत सोडलं नाही. धन्याच्या हाताला! कुत्र्याचं डोकं ठिकाणावर असतं तर असं करील का?

आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरने साबणाने जखम धुतली. तरुण आहे, शांतपणे बोलतो. म्हणाला, "गुरुजी, घाबरू नका. कुत्रं दहा दिवस बांधून ठेवा. खायला-प्यायला घाला आणि लक्ष ठेवा. पिसाळलेलं असलं तर दहा दिवस टिकत नाही. दहाव्या दिवशी धडधाकट राहिलं तर तुम्हाला काहीही नाही. फक्त मारू नका. मारलं तर कळायचा मार्गच संपतो."

कळलं म्हणालो. पण गेल्या साली धरणाकडचा एक गुराखी पिसाळलेलं कुत्रं चावून गेला, तेव्हा त्याला बघायला गेलो होतो मी. पाण्याचा पेला दाखवला तरी त्याचा गळा आवळत होता. तो आवाज अजून कानात आहे.

८ मे, मंगळवार

प्रमिला आणि कोकिळाला सकाळच्या गाडीने वडनेरला पाठवलं, सासूबाईंकडे. पोरगी इथे राहिली असती तर पहिल्याच दिवशी साखळी सोडली असती. जाताना रडली नाही, उलट मलाच सूचना देऊन गेली. "दहा दिवस म्हंजे सतरा तारीख ना, बाबा? सतराले मी येतो. त्याले दुपारी सावलीत घेजा. पानी दोनदा बदलवजा. तापलं पानी तो पीत नाई." माझ्यापेक्षा तिला त्याची काळजी, आणि चावा मला बसलेला.

शेजारच्या रूपरावांनी त्यांच्या बैलाची साखळी दिली. परसात निंबापासून जरा दूर लोखंडी खुंटा आहे, त्याला बांधला. बांधून घेताना मुकाट उभा होता, शेपटी हलवत होता. हीच तर या रोगाची लबाडी.

दुपारी बसलो आणि बारावं प्रकरण एका बैठकीत उतरलं! बंगल्यात चोर शिरतो, अजयचे केस धरतो, वीर झेप घेऊन चोराच्या मनगटाचा चावा घेतो. दात रुतताना कसं वाटतं ते असं लिहिलं आहे की वाचणाऱ्याचं मनगट दुखेल. अनुभव वाया जात नाही म्हणतात ते खरं.

९ मे, बुधवार

जर्मनचं पसरट भांडं, गंज, पाण्याने भरून ठेवलं. जवळ जायची हिंमत कोण करणार? काठीने ढकलून जमेल तेवढं पुढे सारलं. भाकरी लांबूनच फेकली. ती खाल्ली.

११ मे, शुक्रवार

पाणी प्यायला नाही. परवा ठेवलेलं गंज तसंच भरलेलं आहे. गंजाकडे बघतो, साखळीला हिसके देतो, पाय खरडतो, पण पीत नाही. आज भाकरीही तशीच पडली. आवाज बदलला आहे, घोगरा झाला आहे.

रूपराव कुंपणापलीकडून बघत होते. म्हणाले, "मास्तर, पान्याकडं पाहून कसा करून राह्यला पाहा ना. म्या सांगून ठेवतो, हा पिसाळला."

मी म्हटलं, डॉक्टर दहा दिवस म्हणाला आहे.

"डाक्टरले काय होते? चावला तुमाले. त्या गुराख्याले विसरले काय?"

विसरलो नाही. माझ्याही घशाला काल संध्याकाळपासून काहीतरी होतं आहे. पाणी पिऊन बघतो, उतरतं. पुन्हा पिऊन बघतो. आज अकरा वेळा पाहिलं.

१२ मे, शनिवार

जीभ बाहेर, तोंडाला फेस. सावली सकाळी नऊलाच खुंट्यावरून सरकते, पण त्याला हलवायला जाणार कोण? चिमण्या गंजाच्या काठावर बसून बिनधास्त पाणी पितात, हा दोन हातांवरून नुसता बघतो आणि तोंड लावत नाही. पाण्याला भिणं म्हणतात ते हेच. पुस्तकात वाचलेलं लक्षण डोळ्यांनी पाहतो आहे.

तेरावं प्रकरण जमत नाही. परसातून तो आवाज येत राहतो.

१३ मे, रविवार

सकाळी शाळेच्या रामाजी शिपायाला बोलावलं. तो काठी घेऊन आला, खुंट्यापाशी उभा राहिला आणि म्हणाला, "गुरुजी, हा तं माह्याकडं पाहून शेपटी हालवून राह्यला."

मी म्हटलं, रामाजी, ते लक्षणच आहे.

आत येऊन दार लावलं आणि तेरावं प्रकरण पुढे लिहायला घेतलं. अर्धं पान झालं तेव्हा रामाजीने दार वाजवलं. हात धुवायला पाणी मागत होता. गंजातलंच घे म्हणालो. रूपरावांनी बांधावर पुरायची व्यवस्था केली.

आज सहावा दिवस होता.

घसा मोकळा झाला आहे. तीन दिवसांत पहिल्यांदा पोटभर जेवलो.

१४ मे, सोमवार

डॉक्टरला सांगायला गेलो. वाटलं होतं, सावधपणाबद्दल बरं म्हणेल. तो खुर्चीतून उठला. एवढा शांत माणूस ओरडला, "चार दिवस थांबवलं नाही तुमच्यानं? शिकलेले ना तुम्ही? आता ते कुत्रं पिसाळलेलं होतं की चांगलं, हे देवालाही सांगता येणार नाही. आता चौदा घ्या. पोटात. वर्ध्याच्या सरकारी दवाखान्यात, रोज एक."

मग विचारलं, "घरात आणखी कोणाला चाटलं होतं? जखमेवर?"

कोकिळाचा गुडघा. एप्रिलअखेर ती विहिरीपाशी पडली होती, खपली निघत होती आणि बोंड्या रोज ती चाटत बसायचा. मी स्वतः त्यावरून तिला रागावलो होतो.

डॉक्टर म्हणाला, "मग तिलाही चौदा." आणि कागदावर दोन नावं लिहून कागद माझ्यापुढे सरकवला.

१५ मे, मंगळवार

वडनेरला जाऊन दोघींना घेऊन आलो. सासूबाईंनी पोरीच्या हातात बोंड्यासाठी पुरणपोळी बांधून दिली. गाडीत ती फडक्याची गाठ सांभाळत बसली होती. हिंगणघाट सोडल्यावर विचारलं, "तुमी इकडं आले तं बोंड्याले कोन पाहून राह्यलं?"

मी म्हटलं, रामाजी.

खोटं बोललो असं म्हणता येणार नाही.

१६ मे, बुधवार

पोरगी काल घरी पोचल्या पोचल्या परसात गेली. मी मागून जाऊन सांगितलं. जे सांगायचं ते ठरवून ठेवलं होतं: आजारी झाला, पाण्याला भ्यायला लागला, त्याचे हाल बघवेनात. ती रडली नाही. खुंट्याभोवती मातीत त्याच्या पायांनी खरडून गोल पाडला होता, तो बघत उभी होती. मग म्हणाली, "गंज कुठी ठेवलं होतं?"

गंज तिथेच होतं. तिने ते उचललं. खाली गोल ओला डाग. मग साखळीचं टोक हातात घेऊन ती डागाकडे चालत गेली. साखळी ताणली गेली आणि ती थांबली. डाग पुढे होता. तिथेच मातीत तिने पालथी पडून हात लांब केला. पोचला नाही.

उठून घरात गेली.  मीही तसंच करून पाहिलं, साखळी धरून. माझा हात पोचला, पण मी मोठा माणूस आहे.

तो पाण्याला भ्याला नव्हता. त्याला पाणी मिळालंच नाही. पाच दिवस, मेच्या उन्हात, आणि मी ओसरीवरून लक्षणं टिपत होतो. हे कोणाला सांगणार? इथे लिहितो आणि वही ट्रंकेत टाकतो.

२२ मे, मंगळवार

सात झाली, सात राहिली. रोज सकाळची एसटी, वर्धा, रांग, इंजेक्शन, परत. बेंबीभोवती गाठी आल्या आहेत, धोतर सैल नेसावं लागतं. तिच्या एवढ्याशा पोटावर जागा उरलेली नाही. परवा नर्स म्हणाली, "बाई, आता कुठी टोचू व तुले?" कोकिळाने स्वतः बोटाने जागा दाखवली. मी माझ्या वेळी भिंतीकडे तोंड करतो, ती सुईकडे बघते. रडत नाही. एकदा रडली असती तर मला जवळ घेता आलं असतं.

माझ्याशी कामापुरतं बोलते. प्रमिला तेवढंही नाही.

बारावं ते पंधरावं अशी चारही कच्ची प्रकरणं मी तिच्याकडे दिली आहेत. शेवट मनासारखा झाला: धरणाच्या काठी बिबट्यापासून अजयला वाचवताना वीर प्राण सोडतो आणि वडील त्याची समाधी बांधतात. तिला म्हटलं, जमत नसेल तर राहू दे. म्हणाली, "लिवतो." दुपारी ताप अंगात असतो तरी ओसरीवर बसते. कामात मन रमलं, हे बरं झालं. आज तर आपणहून प्रश्न विचारला! "तहानेनं जीव जाते, त्याले पुस्तकात काय म्हनते?" मला इतका आनंद झाला. तृषार्त, म्हणालो. तिने शब्द मनात घोळवल्यासारखा केला आणि पुन्हा खाली मान घातली.

२ जून, शनिवार

मुद्रणप्रत एसटीच्या पार्सलने नागपूरला गेली. अंगात कसकस आहे, शेवटची प्रकरणं तपासायची राहिली. पण इतकं स्वच्छ अक्षर, खाडाखोड नाही, काय तपासायचं? मुदत आधीच उलटली होती. कच्चे कागद चुलीशेजारी ठेवले होते, ते प्रमिलाने पेटवणाला वापरले. विचारायची पद्धतच राहिली नाही या घरात.

१९ जुलै, गुरुवार

भैयाजींचं पत्र. कार्ड नव्हे, चांगलं दोन पानी पत्र! "उमाटे गुरुजी, खरं सांगतो, पहिली अकरा प्रकरणं वाचून मी मजकूर परत पाठवणार होतो. असले वीर आणि असले अजय माझ्याकडे पोत्याने पडले आहेत. पण बाराव्यापासून तुम्ही कोणी वेगळेच लेखक झालात. तो बाप! तो पाण्याच्या भांड्याचा प्रसंग! मी आणि कंपोझिटर, दोघांनीही काम थांबवलं. मुलांच्या पुस्तकात बापाबद्दल असं लिहायला छाती लागते. कुठून सुचलं? फक्त बाराव्या प्रकरणात अजयला वेणी कशी आली, तेवढं प्रुफात बघा."

तीनदा वाचलं. भांड्याचा प्रसंग मी लिहिलेला नाही. बाप तर समाधी बांधतो.

कोकिळाला बोलावलं. पत्र हातात देऊन विचारलं, हे काय आहे? तिने वाचून परत दिलं. म्हणाली, "आपन पाठवलं ते त्यायनं वाचलं."

मी पट्टी शोधली नाही. आता या घरात पट्टी मी शोधत नाही.

११ ऑगस्ट, शनिवार

प्रुफं आली. कच्चे कागद जळाले, तेव्हा आता जे काही आहे ते हेच. बाराव्या प्रकरणातून चोर गेला आहे. त्याच्या जागी:

"वडिलांच्या उजव्या हातात पट्टी होती आणि डाव्या हातात अजयची वेणी होती. वीर डाव्या हाताला चावला, कारण वेणी त्या हातात होती. वेणी सुटली तेव्हा त्याने हात सोडला."

आणि चौदाव्यात:

"पाण्याचं गंज साखळीच्या बाहेर होतं. वीरने पाय ताणून पाहिले. जीभ काढून पाहिली. पाणी तिथेच होतं. चिमण्या येऊन पिऊन जात होत्या. वीरला तहान लागली होती. वडील ओसरीवर बसून कुत्र्यावर पुस्तक लिहीत होते."

तृषार्त कुठेच नाही. बिबट्या नाही, धरण नाही, समाधी नाही. शेवटच्या पानावर एवढंच, की वीर सतरा तारखेपर्यंत जगला असता.

चिमण्या. चिमण्या पाणी पीत होत्या हे मी कोणालाच बोललो नव्हतो, फक्त या वहीत लिहिलं होतं. ट्रंकेला कुलूप नाही. म्हणजे तिने सगळं वाचलं आहे. तीन-चार असतील, हे वाचलं. रामाजी, खोटं बोललो असं म्हणता येणार नाही, हेही वाचलं. पोटभर जेवलो, हेही. कदाचित हे पानही वाचेल. कोकिळा, वाचत असशील तर मला काय लिहावं ते सुचत नाही.

१२ ऑगस्ट, रविवार

आज तिला समोर बसवलं. प्रमिला दारात उभी होती. मी म्हटलं, शेवटची चार प्रकरणं तुझी आहेत. भैयाजींना कळवतो. पुस्तकावर तुझं नाव टाकू. शाळेत केवढं कौतुक होईल तुझं! मी मनापासून म्हणत होतो. बापाने करायची गोष्ट करतो आहे असं मला वाटत होतं.

तिने मान हलवली. "नाई. नाव तुमचंच राहू द्या."

म्हटलं, काऊन? 'का' सोडून इतक्या वर्षांनी माझ्या तोंडात तो बोलीतला शब्द आला.

"केलं तं तुमीच ना, बाबा."

प्रमिला आत निघून गेली. कोकिळा तिथेच उभी राहिली. मला दोनच मार्ग होते: चार प्रकरणं पुन्हा चोराची आणि बिबट्याची लिहायची, म्हणजे भैयाजी पुस्तक काढणार नाहीत, किंवा आहे तसं जाऊ द्यायचं. मला पुस्तक हवं आहे. लाज वाटते, पण हवं आहे. बारा वर्षं मी त्या एका पुस्तकासाठी झुरलो.

मी वेणी खोडून केस लिहिलं. चार प्रकरणांत माझा म्हणून तेवढा एक शब्द आहे. मग पहिल्या पानावर "छापण्यास हरकत नाही" लिहून खाली सही केली. सही पुरी होईपर्यंत ती बघत होती. मग खेळायला गेली.

१४ नोव्हेंबर, बुधवार

बालदिन. शाळेत माझा सत्कार झाला. मुख्याध्यापक वासुदेवरावांनी शाल दिली, नारळ दिला, हार घातला. भाषणात म्हणाले, उमाटे सरांनी मुलांचं मन जाणलं. मग मला पुस्तकातलं एखादं पान वाचायला सांगितलं. मी पहिल्या प्रकरणातलं बागेचं वर्णन काढलं होतं, पण भैयाजी नागपूरहून खास आले होते, ते खुर्चीतून म्हणाले, "चौदावं वाचा, गुरुजी, चौदावं."

वाचलं. साखळी, गंज, चिमण्या, ओसरीवरचा बाप. माझा वाचनाचा आवाज चांगला आहे, सगळे म्हणतात. शे-दीडशे पोरं सतरंजीवर बसली होती. मागे रामाजी घंटेपाशी उभा होता, तो अर्ध्यातच बाहेर गेला. कोकिळा सहावीच्या रांगेत होती. मी एकदा तिच्याकडे पाहिलं. ती पुस्तकात बघत होती, ओळीवर बोट ठेवून, मी एखादा शब्द गाळतो का ते तपासत असावी.

मी एकही गाळला नाही.

वासुदेवराव म्हणाले, कोणाला काही विचारायचं असेल तर विचारा.  मग चौथीतली कांता उभी राहिली, तिला पुढच्या मुलींनी ढकलून उभं केलं होतं. म्हणाली, "सर, मंग त्या बापाले कोनीच काही म्हनलं नाई काय?"

सगळे माझ्याकडे बघत होते. गळ्यातला झेंडूचा हार टोचत होता.

मी म्हणालो, "नाही. कोणीच नाही."

ती बसली. वासुदेवरावांनी टाळ्या वाजवायला सांगितलं आणि पोरांनी टाळ्या वाजवल्या.